पुढे चाल

पीस आला तेव्हा त्याच्या काखेत वजनकाटा होता. नवाकोरा, काचेचा, खोक्यासकट. सत्तरी ओलांडलेला माणूस बहिणीकडे येतो तर फळं आणतो, बिस्किटांचा पुडा आणतो, नाहीतर सरळ हात हलवत येतो. हा काटा घेऊन आला. ताईंनी दार उघडल्याउघडल्या ओळखलं, ह्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय आणि ते कुणालातरी उपाशी ठेवून शिजतंय.

“ठोकळी कुठंय?”

“आंघोळीला गेलीय.”

“बरंच झालं. आधी तुझ्याशीच बोलतो.”

ठोकळी म्हणजे ताईंची नात, मुलाची मुलगी. पाळण्यात असताना तिला उचलणाऱ्याचे दंड भरून यायचे म्हणून ताईंनीच ते नाव पाडलं होतं. आता एकोणीस वर्षांची होती, चार वर्षं कुस्ती खेळत होती, त्रेपन्न किलोच्या गटात. तीन आठवड्यांनी निवड चाचणी होती. गटात जी पहिली येईल ती परदेशी स्पर्धेला जाणार. त्रेपन्नात एका बसकंडक्टरची मुलगी होती, तिला दोन वर्षांत कुणी पाडलं नव्हतं. ठोकळीला तिनं दोनदा चितपट केलं होतं.

“म्हणून म्हणतो, पन्नासात उतरव तिला,” पीस खुर्चीत टेकत म्हणाला. “पन्नासात एक नाव आलेलं नाही. गट ओसाड पडलाय. चार-साडेचार किलो उतरवले की झालं. वजन द्यायचं, सही करायची, विमानात बसायचं.”

“आणि कुस्ती?”

“कुस्ती काय, पुढची पुढं.”

ताईंनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. भर उन्हाळ्यात त्यानं परदेशी स्पर्धेच्या संघाचा कोट घातला होता, खिशावर बिल्ला शिवलेला, जवळजवळ साठ वर्षांपूर्वीचा. तो अजून अंगात बसतो ह्याचा त्याला कोण अभिमान! जिथं जाईल तिथं बटणं लावून दाखवायचा. ताईंचं म्हणणं, बसणारच की. आत कुणी वाढलंय कुठे?

लोक त्याला ‘पैलवानसाहेब’ म्हणत. तो निवड समितीचा अध्यक्ष होता. शाळेच्या व्यायामशाळेवर त्याच्या नावाची पाटी होती. आणि हा मनुष्य जन्मात कधी स्पर्धेत कुस्ती लढलेला नव्हता, हे ठाऊक असलेली जगात आता दोनच माणसं उरली होती. एक तो, दुसऱ्या ताई.

ही सगळी थोरवी सुरू झाली कोळशाच्या वखारीत.

त्यांच्या शाळेत वजनकाटा नव्हता. शाळांच्या कुस्त्या जाहीर झाल्या की ड्रिलमास्तर पोरांची रांग घेऊन वखारीत जायचे आणि कोळशाच्या काट्यावर एकेकाला उभं करायचे. पोरं काळ्या पायांनी घरी यायची आणि आयांचे मार खायची. त्या वर्षी सहा गटांपैकी पाचांत पोरं मिळाली. सगळ्यात हलक्या गटात, बत्तीस किलोच्या आत, एकही बसेना. मास्तर डोकं खाजवत उभे होते. इतक्यात ताई कोळसा न्यायला आल्या. तेरा वर्षांच्या. बरोबर धाकटा भाऊ, अकराचा, पिशवीचा एक बंद धरून. खरं तर पिशवीच त्याला धरून होती.

मास्तरांनी त्याला उचलून काट्यावर ठेवलं. साडेएकतीस. पीस हे नाव त्याला तिथंच चिकटलं.

“सापडला!” मास्तर असे ओरडले, जणू हरवलेलं पैशाचं पाकीट सापडलं.

“मास्तर, मी उभी राहू?” ताईंनी विचारलं.

“तू नको गं. काटा मोडेल.”

स्पर्धेच्या दिवशी बाकीच्या शाळांनाही त्या गटात पोरगं मिळालेलं नव्हतं. पंचानं पीसला गादीच्या मधोमध उभं केलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि त्याचा हात वर केला. प्रतिस्पर्धी आलाच नाही, आजारी पडला, वजनात बसला नाही, तर असेल तो न लढता पुढच्या फेरीत जातो. त्याला म्हणतात पुढे चाल. पीसला पहिल्याच दिवशी पुढे चाल मिळाली आणि पुढे फेरीच नसल्यामुळे करंडकही मिळाला.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. करंडक बघून त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं, पुन्हा लावलं, आणि करंडकावरची अक्षरं घड्याळाचं चाक तपासावं तशी तपासली. आईनं शेजारपाजारच्या चार घरांत नेऊन दाखवला. कुणाशी जिंकलास, हे एकानंही विचारलं नाही. घरात विजय आला की त्याला कुळ-गोत्र कोण विचारतं!

मग आईनं तीन जुन्या गाद्या दाभणानं एकत्र शिवल्या आणि बाहेरच्या खोलीत अंथरल्या. त्याला सरावाला कुणीतरी हवं. कोण? ताई. मास्तरांनी एक पुस्तक दिलं होतं, चित्रांचं, शेवटची पानं फाटलेली. पीस चित्रं बघायचा, ताई वाचायच्या. पट काढणं म्हणजे समोरच्याचे दोन्ही पाय कवेत घेऊन त्याला उचलणं, हे ताईंना पहिल्या दिवशी जमलं. पीसला उचलून गादीवर ठेवायला त्यांना कपड्यांची चळत ठेवण्याइतकाच वेळ लागायचा.

स्वयंपाकघरातून आई ओरडायची, “अगं हळू! त्याच्या कानाबिनाला लावशील! उद्या त्याचा फोटो काढायचाय!”

पीसला एकच डाव येत होता, आणि तो पुस्तकात नव्हता. डोकं खाली घालायचं, ताईंच्या डाव्या कानावर टेकवायचं आणि बोकडासारखं रेटत राहायचं. पाच वर्षं त्यानं तेवढंच केलं.

त्याची खरी मेहनत वेगळी होती. वजन देण्याचा दिवस जवळ आला की घरात तळण बंद. त्याला मोह नको म्हणून सगळं घर उकडलेले बटाटे खायचं. तो लोकरीचा स्वेटर घालून चुलीशी बसायचा आणि डब्यात थुंकायचा, कारण थुंकीचंही वजन असतं असं मास्तर म्हणाले होते. आई बाहेर सांगायची, “माझं लेकरू फार सोसतं हो.” लेकरू सोसायचं हे खरं. बटाटे मात्र ताईंना सोसावे लागायचे.

जिल्ह्याला तो एकटाच. राज्याला दोघं होते. दुसऱ्या मुलाच्या आईनं येताना गाडीत त्याला पोटभर जेवू घातलं आणि तो काट्यावर पाव किलो जास्त भरला. पुढे चाल. देशाच्या स्पर्धेत तिघं. एकाला गालफुगी झाली, दुसरा चुकीच्या गाडीत बसला आणि दोनशे मैल उलटा गेला. पुढे चाल, पुन्हा पुढे चाल. पीस अठरा वर्षांचा झाला, एकोणीसचा झाला, पण अठ्ठेचाळीस किलोच्या वर त्याला कुणी जाऊ दिलं नाही. कारण तोवर संघटनेच्या चिटणीसांची त्याच्यावर नजर पडली होती.

हे चिटणीस एक नंबरचे बेरकी. त्यांना हिशेब कळला होता. प्रत्येक गटात एक खेळाडू असेल तर संघ पूर्ण धरला जातो, आणि संघ पूर्ण असला की त्याच्याबरोबर चार अधिकारी जाऊ शकतात. जड गटांत पोरं रग्गड. अडत होतं ते ह्या हलक्या गटाशी. पीस मिळाला आणि चिटणीस, त्यांचे मेव्हणे, एक डॉक्टर आणि एक व्यवस्थापक असे चौघं परदेशी निघाले. पंचवीस तोळ्यांच्या बाजूबंदासारखं चौघं त्याला मिरवत होते आणि तो भुकेनं भिंतीला धरून चालत होता.

तिथं त्याच्या गटात सातजण होते. पहिल्या दिवशी ज्याच्याशी जोडी लागली तो वजनात बसला नाही. पंचानं पीसचा हात वर केला. चिटणीसांनी आनंदानं रडून डोळे लाल केले. संध्याकाळी चौघांनी मिळून पीसला जेवायला घातलं. “खा लेका, आता खा. वजन झालं.” तो महिनाभराचा उपाशी. भात खाल्ला, अंडी खाल्ली, ब्रेडचा अख्खा लांबोडका खाल्ला, वर सहा केळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. वजन द्या.

वजन रोज द्यावं लागतं! नियमाच्या पुस्तकात छापलेलं होतं. पण त्या चौघा अधिकाऱ्यांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्यापैकी कुणाचाच पैलवान आजवर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला नव्हता. गरजच पडली नव्हती कधी. पीस काट्यावर उभा राहिला. दीड किलो जास्त. समोरचा पैलवान, ज्याच्याशी आयुष्यातली पहिली कुस्ती व्हायची, तो तिथंच उभा होता. तो हसलासुद्धा नाही. तो फक्त पाणी प्यायला आणि निघून गेला.

पीस सातांत पाचवा आला. सहावा तो आदल्या दिवशी वजनात न बसलेला आणि सातवा तापानं घरी गेलेला.

हे सगळं त्यानंच ताईंना सांगितलं, परत आल्या दिवशी दुपारी, त्या शिवलेल्या गाद्यांवर बसून. हुंदके देऊन रडला. “ताई, एकदा तरी कुणीतरी मला धरायला हवं होतं गं,” म्हणाला. त्या दुपारी ताईंना त्याची खरोखर दया आली. डोक्यावरून हात फिरवला. पोटभर जेवण केलं हा काही गुन्हा नव्हे.

पण दुसऱ्या दिवशी शाळेत सत्कार झाला. हार घातले, बॅण्ड वाजला, आणि ह्यानं माईकसमोर उभं राहून पाऊण तास भाषण ठोकलं. अटीतटीची झुंज, परक्या पंचांचा पक्षपात, शेवटच्या क्षणी हुकलेलं पदक. ताई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्या दिवशी मनातून जो उतरला तो पुन्हा चढला नाही. घरी त्यांनी तोंड उघडलं तर आई म्हणाली, “तुझं काय जातंय? पोराला नोकरी लागतेय.” लागली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, खेळाडू म्हणून. लग्न झालं, पाटी लागली, अध्यक्षपद आलं. ताईंचं काही गेलं नाही, म्हणून त्या गप्प बसल्या. आता मात्र जात होतं.

ठोकळी ओल्या केसांनी बाहेर आली. अर्धंअधिक तिनं ऐकलंच होतं. पीसनं काटा जमिनीवर ठेवला. ती उभी राहिली. साडेचौपन्न.

“मामाआजोबा, असा कोट मला मिळेल?”

“ह्याहून भारी. हल्ली आत अस्तर असतं.”

“तू जरा थांब,” ताई तिला म्हणाल्या.

“आजी, तू मधे पडू नकोस हं. त्रेपन्नात मी तिसऱ्यांदा चितपट होणार, तुलाही माहितीय. हसतात गं सगळ्या.”

पीसनं ताईंकडे असं बघितलं की त्याच काट्यानं त्याचं टाळकं मोजावंसं त्यांना वाटलं.

ठोकळीनं खाणं सोडलं. सकाळी अर्धं सफरचंद, रात्री पाण्यासारखं सूप. अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून धावायची. पाचव्या दिवसापासून डब्यात थुंकू लागली, आणि तो आवाज ऐकून ताईंना पासष्ट वर्षांपूर्वीची चूल आठवली. सरावात तिला नवख्या पोरी पाडू लागल्या. नवव्या दिवशी जिना चढताना ती तिसऱ्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “आजी, जरा थांबून येते. पाय कुठेत तेच कळत नाही.”

ताई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. गुडघे कुरकुरले.

“तुझा कान दाखव.”

ठोकळीनं कान दाखवला. चार वर्षांत तो वरच्या कडेला जाड झाला होता. कुस्तीत डोकी, खांदे, कोपरं कानावर घासतात, कान सुजतो, आत रक्त गोठतं आणि तो चुरगळलेल्या कागदासारखा घट्ट होऊन बसतो. खऱ्या पैलवानाला पाठमोरा ओळखायचा तो कानावरून.

“मामाआजोबांचे कान बघितलेस कधी?”

ठोकळी विचारात पडली. “बघितलेत की... म्हणजे... लक्ष नाही दिलं.”

“देऊन बघ. नुकत्याच घडवलेल्या चमच्यासारखे आहेत.”

मग ताईंनी डाव्या बाजूचे पांढरे केस वर उचलले. हे केस त्या साठ वर्षं त्याच बाजूनं विंचरत आल्या होत्या. लग्नाच्या फोटोत तसे, मुलाच्या बारशाच्या फोटोत तसे. खाली कान होता, सुकलेल्या जर्दाळूसारखा.

ठोकळीनं त्याला बोट लावलं. “आजी! हा कुणी केला?”

मग ताईंनी सांगितलं. वखार, गाद्या, गालफुगी, सहा केळी, सगळं. ठोकळी मधे दोनदा हसली. तिसऱ्यांदा हसली नाही.

दुसऱ्या दिवशी पीस वजन बघायला आला. बावन्नाला पोचलीस का, म्हणाला. ठोकळी काट्यावर उभी न राहता त्याच्याभोवती फिरून आली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

“काय बघतेस?”

“काही नाही. मामाआजोबा, तुमच्या एकूण कुस्त्या किती झाल्या हो?”

“मोजल्यात कुणी!”

“मी मोजते. तुम्ही सांगा. स्पर्धेतल्या.”

पीसनं ताईंकडे बघितलं. ताई बटाटे सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. तो बराच वेळ कोटाच्या बटणाशी खेळला.

“हे बघ, तुम्हाला आजच्या पोरांना कळायचं नाही. वजन उतरवणं हीसुद्धा एक कुस्तीच असते. स्वतःशी.”

“हो ना,” ताई म्हणाल्या. “तीसुद्धा हरलास.”

ठोकळी आत गेली, चार उकडलेली अंडी घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसून एकेक फोडून खाल्ली, मीठसुद्धा न लावता.

“त्रेपन्नात नाव दिलंस तर माझ्याकडे यायचं नाही,” पीस उठत म्हणाला. “कंडक्टरची पोरगी तुला तीस सेकंदांत झोपवेल. मग रडत बस आजीच्या मांडीवर.”

“काटा घेऊन जा,” ताई म्हणाल्या. “तुझ्या उपयोगी पडेल.”

तो घेऊन गेला नाही. दार मात्र आपटून गेला.

चाचणीच्या दिवशी ताई सकाळीच जाऊन पहिल्या रांगेत बसल्या. अध्यक्ष टेबलामागे बसले होते, कोट घालून. पन्नास किलोचा गट आधी पुकारला. तो रिकामा राहिला नव्हता. रिकामी जागा आणि चिटणीसांचं घराणं ह्यांचं जुनं सूत होतं. जुने चिटणीस वारले, आता मुलगा चिटणीस होता, आणि त्याची भाची गादीच्या मधोमध उभी होती. गालांची हाडं वर आलेली, ओठ सुकलेले. पंचानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. हात वर केला. टेबलावरच्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी त्या पोरीकडे बघितलं आणि त्यांना तिच्याविषयी काहीच वाईट वाटलं नाही, फक्त तिला कुणीतरी खायला द्यावं असं वाटलं.

मग त्रेपन्न. कंडक्टरची मुलगी उंच, शांत, च्युइंगगम चघळत आलेली. पंचानं तिला तो थुंकायला लावला. शिट्टी झाली आणि तिनं पहिल्याच मिनिटाला ठोकळीला उचललं. ताईंच्या हातातली पिशवी खाली पडली. पण ठोकळी पडताना वळली, पोटावर पडली, पाठ लावू दिली नाही. चार गुण गेले. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा ठोकळीनं तिच्या पायात पाय घातला आणि दोघी कपाटासारख्या कोसळल्या.

“पट काढ! ठोकळे, पट काढ!” ताई उभ्या राहून ओरडत होत्या. शेजारचा माणूस म्हणाला, “आजीबाई, बसा, पडाल.” “तू गप रे!” ताई म्हणाल्या.

ठोकळीनं पट काढला. दोन्ही पाय कवेत, खांदा पोटाशी, आणि ती उंच शांत मुलगी जमिनीवरून सुटली. ताईंना तिचं वजन स्वतःच्या हातांना जाणवलं. सहा मिनिटं पुरी झाली. आठ-सहा. ठोकळी हरली.

कंडक्टरच्या मुलीचा हात वर झाला, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. धापा टाकत ती ठोकळीला म्हणाली, “तुझ्यायला, एवढे दिवस कुठं होतीस?”

नंतर बाहेरच्या बाकावर ठोकळी रुमालात बर्फ धरून बसली होती. डावा कान टोमॅटोएवढा झाला होता, मानेवर रक्ताचा ओघळ. ती रडत नव्हती. अशी बसली होती, की कुणी पुन्हा गादीवर बोलावलं तर उठेल.

पीस आला. बटणं लावलेली.

“सांगत होतो. आज कोटाचं माप देत असतीस. काय मिळालं?”

ठोकळीनं रुमालातला बर्फ सारखा केला. तो जायला वळला आणि गेला नाही. तिच्या कानाकडे बघत राहिला. एक बोट पुढे केलं, मागे घेतलं. आपलाच उजवा कान त्यानं नकळत चाचपला, तो गुळगुळीत, पातळ कान, जो आईनं फोटोसाठी जपला होता.

“खूप दुखतं का गं?” त्यानं विचारलं. आवाज अध्यक्षांचा नव्हता.

“पहिले आठ दिवस,” ताई म्हणाल्या. “झोपताना त्या कुशीवर वळता येत नाही. मग घट्ट होतो, मग नाही दुखत.”

पीसनं त्यांच्याकडे वळून बघितलं.

“तुला काय माहीत?”

ठोकळी हसायला लागली. इतकी, की तिला बर्फ सोडून दोन्ही हातांनी कान धरावा लागला. तो कधी तिच्याकडे, कधी ताईंकडे बघत तसाच उभा राहिला, आपण काय विनोद केला ते न कळून. ताईंनी डाव्या बाजूचे केस सारखे केले, पिशवी उचलली आणि नातीला म्हणाल्या, “चल, भूक लागलीय.”